वॅटच्या आकड्याला भुलू नका! दहा बाय बाराच्या खोलीत वूफर कसा निवडायचा आणि कुठं ठेवायचा?

मोहोळ | वार्ताहर

उसाचं बिल खात्यावर आलं किंवा कांद्याची पट्टी बरी निघाली की घरातल्या पोरांची एक मागणी ठरलेली असते. ‘पप्पा, होम थिएटर घेऊया.’ टीव्ही आधीच ३२ किंवा ४३ इंची झालेला असतो, भिंतीला टांगलेला असतो. पण त्याचा आवाज काही मनासारखा येत नाही. मग सोलापूरच्या नवी पेठेत नाहीतर तालुक्याच्या गावी चक्कर होते, नाहीतर मोबाईलवर ऑर्डर जाते. चार-पाच हजार रुपये मोडतात. घरी आणून लावलं की पहिले दोन दिवस सगळी गल्ली हादरते, आणि तिसऱ्या दिवशी घरातलीच माणसं म्हणतात, ‘बंद कर ते, डोकं उठलं.’

हे मी ऐकीव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी मीच हे केलंय. एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर खोक्यावर ‘१०,००० वॅट’ लिहिलेला सेट साडेचार हजाराला घेतला. कारण काय, तर आमच्या अण्णांना टीव्हीवरचं कीर्तन नीट ऐकू येत नव्हतं. लावल्यावर अण्णा म्हणाले, ‘आरं, नुसतंच घुमतंय. महाराज काय म्हणत्यात ते कळंना.’ अण्णांचं बरोबर होतं. मी आवाज वाढवायचं यंत्र समजून धडधड वाढवायचं यंत्र विकत आणलं होतं. पुढं ते यंत्र कसं चालतं ते समजून घेतलं, जागा बदलली, बटणं खाली केली, तेव्हा कुठं त्याच सेटवर अण्णा कीर्तन ऐकायला लागले. म्हणून हा लेख. अनेक वाचक सणाच्या आधी हा प्रश्न विचारतात, त्यांनी पैसे मोडायच्या आधी एवढं वाचावं.

वूफर नेमकं करतो काय?

आपल्याकडं त्या मोठ्या डब्याला सरसकट ‘वूफर’ म्हणतात. दुकानदाराच्या भाषेत तो सबवूफर. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात हवा किती वेळा थरथरली तो आकडा. थरथर कमी तितका आवाज खर्जातला. ढोलाचा घुमारा, ट्रॅक्टरची धडधड, ढगांचा गडगडाट, सिनेमातला स्फोट हे सगळं खालच्या अंगाचं. गिटारची सर्वात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते, बेस गिटारची ४१ ला. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० च्या दरम्यान असतो, बाईचा त्याच्याही वर. आणि ‘स’, ‘त’, ‘क’, ‘श’ ही व्यंजनं, ज्यावरून शब्द कळतो, ती तर दोन-चार हजार हर्ट्झच्या घरात असतात.

आता सबवूफरचं काम साधारण १२०-१५० हर्ट्झच्या खालचं. म्हणजे शब्द ज्याच्यावर कळतात तो भाग वूफरमधून येतच नाही. तो येतो छोट्या स्पीकरमधून. उलट वूफर जास्त चढवला तर खालचा घुमारा वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. ज्यांच्या घरात वयस्कर माणसाला ऐकू यावं म्हणून होम थिएटर घ्यायचंय, त्यांनी वूफरच्या आकाराकडं नंतर बघावं, आधी छोटे स्पीकर कसे बोलतात ते ऐकावं. टीव्ही पातळ झाले तसे त्यातले स्पीकर बारीक झाले आणि त्यांची तोंडं खाली नाहीतर भिंतीकडं गेली, बोलणं पुसट होण्याचं खरं कारण ते आहे. बऱ्याचदा समोर तोंड असलेले दोन साधे स्पीकर लावले तरी कीर्तन-बातम्यांचं काम भागतं.

सिनेमा, गाणी, मॅच यांत मजा हवी असेल तर मात्र वूफर हवाच. आवाजाला जमीन मिळते. पण तो दिसावा तसा वाजू नये. चांगला लावलेला वूफर चालू आहे हे कळत नाही, बंद केल्यावर काहीतरी गेलं हे कळतं.

दहा हजार वॅट आले कुठून?

खोक्यावर जो मोठा आकडा असतो त्याच्यापुढं बहुतेक वेळा पीएमपीओ असं लिहिलेलं असतं. हा आकडा मोजायचा ठरलेला असा कोणताही नियम नाही. क्षणभरासाठी, कागदोपत्री, सगळे स्पीकर मिळून जास्तीत जास्त काय निघू शकेल याचा तो अंदाज, आणि प्रत्येक कंपनीचा अंदाज वेगळा. अमेरिकेत असल्या आकड्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा तिथल्या व्यापार आयोगानं १९७४ मध्ये नियम केला की घरगुती ॲम्प्लिफायरची ताकद सांगायची तर सलग देता येणारी सांगा. आपण बघायचा तो आकडा आरएमएसचा. म्हणजे सलग, न फाटता, किती ताकद देतो तो.

तोही नसेल लिहिला तर एक सोपी युक्ती सांगतो, यात कुणी फसवू शकत नाही. सेट उलटा करा. मागं एक चिकटवलेली पट्टी असते. त्यावर ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ आणि पुढं किती वॅट वीज खातो ते लिहिलेलं असतं. आमच्या ‘१०,००० वॅट’च्या सेटवर लिहिलं होतं ४५ वॅट! भिंतीतून ४५ वॅट घेणारं यंत्र सलग ४५ पेक्षा जास्त देणार कुठून? विहिरीत जेवढं पाणी तेवढंच मोटर उपसणार. ॲडॉप्टरवर चालणारा सेट असेल तर ॲडॉप्टरवरचे दोन आकडे गुणा. १२ व्होल्ट आणि २ ॲम्पियर म्हणजे २४ वॅट, संपला विषय.

गावोगावचे कारागीर जे असेंबल सेट बनवून देतात त्यातही हेच. झाकण उघडलं की आत ४४४० नंबरची आयसी दिसते नाहीतर टीडीए २०३०. दोन्ही चांगल्या आयसी आहेत, खेडोपाडी त्यांनी वर्षानुवर्षं गाणी वाजवली. पण ४४४० ही दोन बाजूंना मिळून सहा-सहा वॅट देते, दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर १९ च्या आसपास. टीडीए २०३० एकटी १४ वॅटच्या घरातली. त्या डब्यावर रेडियमच्या अक्षरात पाच हजार लिहिलं म्हणून आयसी मोठी होत नाही. असेंबल सेट वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. बिघडला तर शे-दोनशे रुपयांत गावातच दुरुस्त होतो, ही मोठी सोय आहे. फक्त आत फ्यूज आहे का, ट्रान्सफॉर्मर तापतो का आणि वूफरला वेगळा फिल्टर दिलाय का, एवढं विचारून घ्या. फिल्टर नसेल तर वूफरमधून माणसाचं बोलणंही घोगरं होऊन येतं.

आणखी एक गोष्ट. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. ४० वॅटचे ८० केले तर वाढ होते ३ डेसिबलची, कानाला जरा फरक जाणवतो एवढीच. आवाज दुप्पट वाटायला ताकद जवळजवळ दहापट लागते. म्हणून ४० आणि ५० वॅटच्या सेटमध्ये हजार रुपयांचा फरक असेल तर तो हजार वॅटसाठी देऊ नका. मोठा आणि चांगला डबा मिळत असेल तर द्या.

मग बघायचं काय?

डबा बघा. लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीचा, म्हणजे एमडीएफचा, जड डबा प्लास्टिकच्या डब्यापेक्षा कधीही बरा. बोटानं वाजवून बघा. ठक्क वाजला पाहिजे, टिणटिण नको. आतला पडदा म्हणजे कोन किती इंची आहे ते विचारा. आपल्याकडच्या दहा बाय दहा, दहा बाय बाराच्या खोलीला साडेसहा ते आठ इंची कोन आणि एकट्या वूफरचे तीस ते साठ वॅट आरएमएस पुरेसे होतात. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल स्वयंपाकाच्या जागेसह कमीत कमी २५ चौरस मीटरचं असतं, म्हणजे जेमतेम पावणेतीनशे चौरस फूट. त्यात बारा इंची वूफर आणणं म्हणजे गुंठ्याला दहा एचपीची मोटर बसवणं.

वूफरचं बटण वेगळं आहे का बघा. आवाजाचं एक, बेसचं वेगळं, असं पाहिजेच. एकाच बटणावर सगळं असेल तो सेट घेऊ नका, पुढं काही सुधारता येत नाही. जरा वरच्या किमतीच्या वूफरवर कट-ऑफ किंवा क्रॉसओव्हर लिहिलेलं बटण आणि ‘०/१८०’ असं फेजचं बटण असतं, असलं तर उत्तम.

‘५.१’ च्या नादाला लागताना थांबा. पाच स्पीकर आणि एक वूफर म्हणजे ५.१. यातला ‘.१’ म्हणजे सिनेमा बनवणाऱ्यानं खास खर्जासाठी वेगळा ठेवलेला आवाज, १२० हर्ट्झपर्यंतचा. पण तो वेगळा काढायला सेटमध्ये डॉल्बीसारखा डिकोडर लागतो. स्वस्त सेटमध्ये तो बहुतेक नसतो. मागं नुसती लाल-पांढरी पिन असेल तर दोनच बाजूंचा आवाज आत जातो आणि तोच पाच ठिकाणी वाटला जातो. शिवाय फ्री डिशवर बघणाऱ्या घराला मिळतो तो साधा दोन बाजूंचा स्टिरिओ आवाज. त्यामुळं पाच हजारात ५.१ घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशात चांगला २.१ घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. पैसे दोन स्पीकर आणि एका डब्यात जातात, सहा ठिकाणी वाटले जात नाहीत. सात-आठ हजारांच्या पुढं जायची तयारी असेल तर वायरवाला वूफर असलेला साउंडबार बघा. टीव्हीला ‘एआरसी’ लिहिलेलं एचडीएमआयचं भोक असेल तर एकाच वायरवर काम होतं आणि टीव्हीच्याच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो. झेब्रॉनिक्स, एफ अँड डी, सोनी, बोट अशा कंपन्यांचे सेट सगळीकडं मिळतात. नावापेक्षा तुमच्या तालुक्यात त्याचं सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते आधी विचारा. सोलापूरला दोन खेपा घालाव्या लागल्या तर एसटी आणि वेळेतच हजार रुपये जातात.

दुकानात ऐकताना त्यांचं ठरलेलं गाणं ऐकू नका. दुकानदार ज्यावर धडधड उठून दिसते तेच लावतो. आपल्या मोबाईलमधलं, शंभर वेळा ऐकलेलं गाणं न्या. मी ‘सैराट’ची गाणी नेतो. आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा हा सिनेमा २०१६ ला आला आणि अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन मोठा सिम्फनी वाद्यवृंद रेकॉर्ड केला. त्यात खालच्या सुरातली मोठी तंतुवाद्यंही आहेत आणि आपला ठेकाही. चांगल्या वूफरवर तंतुवाद्यांचा लांबट खर्ज वेगळा आणि ठेका वेगळा ऐकू येतो. वाईट वूफरवर दोन्हीचं मिळून एकच ‘ढूम्म’ होतं. मग बेसचं बटण शून्यावर आणा आणि बातम्या लावा. शब्द स्वच्छ येतात का? येत नसतील तर बाहेर पडा.

पत्रा, स्लॅब आणि माळवद

हा भाग कुठल्याच खोक्यावर लिहिलेला नसतो, आणि खरी गोम इथंच आहे. एकच सेट तीन घरांत तीन प्रकारे वाजतो.

खर्जाच्या आवाजाची लाट लांब असते. ५० हर्ट्झची एक लाट जवळजवळ सात मीटर, म्हणजे बावीस-तेवीस फूट लांब. ती दहा-बारा फुटांच्या खोलीत मावतच नाही. भिंतीवर आपटून परत येते, स्वतःलाच भेटते. कुठं दोन लाटा मिळून जोर करतात, कुठं एकमेकींना मारतात. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर असा अडकून घुमतो, १० फुटांच्या बाजूला ५६ च्या आसपासचा. खोली दहा बाय दहा चौरस असेल तर दोन्ही बाजूंचा घुमारा एकाच सुरावर येऊन पडतो आणि तो एकच सूर डोक्यात घण घालतो. म्हणून शेजारच्या लांबट खोलीत छान वाजलेला सेट आपल्या चौकोनी खोलीत बेसूर वाटतो. यात सेटचा दोष नसतो.

स्लॅबच्या घरात भिंती गुळगुळीत, खाली फरशी, खिडक्या बंद. आवाज बाहेर जात नाही, आतच फिरतो. इथं वूफर कमी लागतो आणि छोट्या स्पीकरचा आवाज मात्र चरचरीत येतो. खाली सतरंजी, भिंतीवर जाडसर पडदा, एखादी गादी एवढ्यानं चरचर बरीच बसते. खर्ज मात्र पडद्यानं थांबत नाही, तिथं जागाच बदलावी लागते.

पत्र्याच्या घराचं उलटं. पातळ पत्रा खर्ज अडवत नाही, अर्धा बाहेर जातो, आणि जाता जाता स्वतः वाजतो. लोक म्हणतात वूफर फाटलाय. वूफर ठीक असतो, फडफडतो तो पत्रा. जे-हुकचा नट ढिला झालेला असतो, रबरी वायसर उन्हानं गेलेला असतो. उन्हाळ्यात पत्रे बघून घ्यायचेच असतात, तेव्हा वायसर बदलून हुक आवळले तर पावसाचं गळणंही थांबतं आणि वाजणंही.

मंगळवेढा, सांगोला, बार्शीकडं अजून जुनी माळवदाची घरं आहेत. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर तुळया, किलचन आणि त्यावर मातीचा थर. अशा घरात आवाज फार गोड लागतो, हा माझा अनुभव. खडबडीत माती आणि लाकूड बारीक आवाजाचा घोळ होऊ देत नाही, शब्द सुटा येतो. जड भिंतीमुळं खर्ज बाहेर पळत नाही. स्वस्तातला सेटसुद्धा इथं दुप्पट किमतीचा वाटतो. फक्त जोरात लावू नका, जुन्या किलचनातून माती गळते आणि मग घरची बाई तुम्हाला माळवदावर पाठवते.

जागा कशी शोधायची?

बहुतेक घरांत वूफर जातो तो टीव्हीखालच्या शोकेसच्या कप्प्यात, नाहीतर कोपऱ्यात. कप्प्यात कधीच ठेवू नका, कप्पाच वाजायला लागतो. कोपऱ्यात तीन बाजू मिळतात, दोन भिंती आणि जमीन, त्यामुळं आवाज सगळ्यात मोठा येतो. पण घुमाराही सगळ्यात जास्त तिथंच. छोट्या वूफरला कोपऱ्याचा फायदा होतो, मोठ्याला तोटा.

योग्य जागा शोधायची एक जुनी रीत आहे. ऐकायला हसू येईल, पण करून बघा. आपण जिथं बसून टीव्ही बघतो त्या दिवाणावर वूफर ठेवायचा. ठेका असलेलं गाणं मध्यम आवाजात लावायचं. मग आपण गुडघ्यावर येऊन, कान जमिनीपासून वूफरच्या उंचीला ठेवून, भिंतीकडेनं सरकत जायचं. एका जागी नुसती गुणगुण येईल, दोन फूट पुढं ठेका गायब होईल, आणखी पुढं ठेका सुटा आणि स्वच्छ येईल. ती जागा खडूनं खुणवा आणि वूफर तिथं ठेवा. लाटांचं गणित दोन्ही बाजूंनी सारखंच असतं, म्हणून हे जमतं. आमच्या घरी ही जागा टीव्हीच्या डाव्या बाजूला, कोपऱ्यापासून अडीच फुटांवर निघाली. कोपऱ्यात असताना जे घुमत होतं ते निम्म्यावर आलं. खर्च शून्य. पोरांनी मला रांगताना व्हिडिओ काढला तो भाग वेगळा.

वूफर भिंतीला चिकटवू नका. मागं भोक असलं तर किमान एक वीतभर जागा सोडा. खाली जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा रबरी मॅट घाला, नाहीतर फरशी आणि डबा एकमेकांवर वाजतात. छोटे स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. वर माळ्याशी टांगू नका.

आता खोलीतलं बाकी सामान. ज्या खोलीत टीव्ही त्याच खोलीत भांड्यांची मांडणी असते. स्टीलची ताटं, तांबे, डबे ठेक्याला सुरेल साथ देतात. मोबाईलवर २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर मिळतो, तो बारीक आवाजात लावून खोलीत फिरा. काय काय वाजतं ते सापडत जातं. आमच्याकडं देव्हाऱ्यातली घंटी, ट्यूबलाइटची पट्टी आणि खिडकीची एक काच सापडली. हा सूर मोठ्यानं मात्र लावू नका, स्वस्त वूफरची कॉइल जळते.

बटणं कशी लावायची?

सुरुवातीला बेस शून्यावर. बातम्या किंवा कीर्तन लावा, बोलणं स्वच्छ येईल एवढा आवाज ठेवा. मग गाणं लावून बेस हळूहळू वर घ्या. जिथं ‘आता वूफर वाजतोय’ असं जाणवायला लागेल तिथून थोडा मागं या, बस्स. बहुतेक सेटवर ही जागा निम्म्याच्या खालीच येते. कट-ऑफचं बटण असेल आणि छोटे स्पीकर तीन इंचाचे असतील तर १२० ते १५० च्या दरम्यान ठेवा, कारण त्याच्या खाली ते स्पीकर पोचत नाहीत. स्पीकर मोठे असतील तर ८० च्या आसपास. फेजचं बटण दोन्हीकडं करून बघा, जिकडं ठेका भरीव वाटतो तिकडं ठेवा.

सगळं नीट करूनही बेस येत नसेल तर वायरी तपासा. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली की एक पडदा पुढं जातो तेव्हा दुसरा मागं, आणि खालचा आवाज एकमेकांत मरतो. दुकानात परत न्यायच्या आधी ही एक गोष्ट बघितली तर खेप वाचते. ब्लूटूथवर टीव्ही जोडला आणि ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात असं झालं, तर वायर लावा. दुसरा खात्रीचा इलाज नाही.

वीज आणि पाऊस

सेट लावल्यापासून सतत ‘घुंऽऽ’ असा आवाज येत असेल तर तो विजेचा ५० हर्ट्झचा सूर आहे. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर हा जास्त येतो. टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि वूफर एकाच बोर्डावरून घ्या. डिशची वायर काढून बघा, घुंई थांबली तर ती तिकडून येते. पिनची वायर विजेच्या वायरीला बांधून नेऊ नका. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ही घुंई राहणारच.

वस्तीवर राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. शेतीच्या डीपीवर थ्री फेज आली की ऑटोवर टाकलेल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज खाली बसतं, आणि त्या बंद झाल्या की उसळतं. वूफर चालू ठेवून झोपलं तर एखाद्या रात्री आतला ट्रान्सफॉर्मर किंवा आयसी जाते. वॉरंटीत असलं जळकं बऱ्याचदा बसत नाही. टीव्हीचा स्टॅबिलायझर असेल तर वूफरही त्याच्यावरच घ्या, खाण्याचं माप पन्नास-साठ वॅटच आहे. वळवाचा पाऊस, विजा सुरू झाल्या की पिन आणि डिशची वायर दोन्ही काढा.

आणि वूफरचं ते भोक! उंदीर, पाली, झुरळं यांना त्याच्याइतकी उबदार जागा घरात दुसरी नसते. एका गाववाल्याचा वूफर ‘खरखरतोय’ म्हणून उघडला तर आत उंदरानं कापूस-चिंध्यांचं घर केलेलं, पडद्याची कड कुरतडलेली. बारीक मच्छरदाणीची जाळी रबर लावून बसवा, हवा खेळती राहते. जुना सेट विकत घेताना पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच आत दाबून बघा. खर्रर्र लागलं तर कॉइल घासतेय, सोडून द्या.

शेजारी

डीजेचा दणका छातीवर बसतो तसा घरात हवा, ही पोरांची अपेक्षा असते. डीजेत अठरा-अठरा इंची बॉक्स आणि हजारो खऱ्या वॅटचे ॲम्प्लिफायर असतात. ते घरात होणार नाही आणि होऊही नये. कायदाही घरातल्या सेटला लागू आहे. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणं रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि खासगी सेटचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. गंमत अशी की शेजाऱ्याकडं बोलणं पोचत नाही, खर्ज पोचतो. भिंत बारीक आवाज अडवते, लांब लाट आरपार जाते. तुम्हाला आत गाणं ऐकू येतं, भिंतीपलीकडच्या म्हातारीला नुसतं ढुम-ढुम. रात्री नऊनंतर बेसचं बटण शून्यावर घेतलं तरी सिनेमा बघता येतो. बऱ्याच सेटच्या रिमोटवर बेस कमी-जास्त करायचं वेगळं बटण असतं, घेताना ते आहे का बघून घ्या, म्हणजे दिवाणावरून उठावं लागत नाही.

आमचा तो ‘१०,००० वॅट’चा सेट अजून चालू आहे. खोक्यावरचा आकडा पोरानं स्केचपेननं खोडून ४५ केलाय. संध्याकाळी अण्णा कीर्तन लावतात, तेव्हा बेस शून्यावर असतो. रविवारी पोरं सिनेमा लावतात, तेव्हा निम्म्याच्या जरा अलीकडं.